उलटा धरलेला कर्णा

मित्रांनो, मुरुमच्या बाजारात तुमच्या आजोबांच्या कानांना सगळ्यात जास्त ताप कुणी दिला असेल, तर तो मी. पत्र्याचा एक जुना कर्णा. हातभर लांबी, एका टोकाला ओठांवर बसेल एवढं अरुंद तोंड, दुसऱ्या टोकाला ताटाएवढं रुंद तोंड आणि मधे धरायला एक कडी. मला वीज लागत नाही, तार लागत नाही. बोलणाऱ्याच्या छातीत दम असला की माझं काम झालं.

माझा जन्म १९५१ सालचा. मुरुमच्या बाजारगल्लीत गुंडाप्पाचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. चाळण्या, नरसाळी, रॉकेलच्या चिमण्या असला माल तो करायचा. एके दिवशी अंबादास मास्तर त्याच्याकडं आले. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे. निजामाच्या राज्यात शाळा सोडून ते सरहद्दीवरच्या छावणीत गेले, निजामाविरुद्ध लढले आणि परतल्यावर आमच्या पक्षाचे पुढारी झाले. पहिली निवडणूक तोंडावर आली होती आणि पक्षानं त्यांनाच उभं केलं होतं.

"गुंडाप्पा, हजार माणसाला ऐकू जाईल असं काहीतरी करून दे," मास्तर म्हणाले.

"त्यात काय हाय वो मास्तर? नरसाळंच मोठं करतो की," गुंडाप्पा म्हणाला.

त्यानं रॉकेलचे दोन डबे कापले, पत्रा वळवला, सांध्यांना कथलाचा डाग दिला आणि संध्याकाळच्या आत मी तयार झालो. डब्यावरचं अर्धं गुलाबाचं फूल माझ्या पोटात अजूनही दिसतं. म्हणजे मी नरसाळ्याचा थोरला भाऊ. नरसाळ्यात रुंद बाजूनं ओततात आणि अरुंद बाजूनं घेतात, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. पण मोठं झाल्यावर घरच्या गोष्टी विसरायची खोड माणसांनाच असते असं नाही.

पहिल्याच निवडणुकीत मी धुमाकूळ घातला. मला वाजवायचं काम धुळाप्पाकडं होतं. धुळाप्पा पक्षाचा कार्यकर्ता, अंगानं काटकुळा, पण आवाज असा की शिवारातली गुरं मान वर करून बघायची. आमच्या पक्षाचं चिन्ह होतं घागर. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असायचं. धुळाप्पा बैलगाडीच्या पुढं चालत ओरडायचा, "घागरीच्या पेटीत मत टाका हो!" मग गाडी चावडीपुढं थांबायची, मास्तर मला हातात घ्यायचे आणि तासभर बोलायचे. मास्तर निवडून आले. मिरवणुकीत लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि एक माझ्याही गळ्यात घातला. त्या दिवशी मी एवढा फुगलो की पत्रा फाटायचा बाकी राहिला. मास्तर माझ्यामुळंच निवडून आले, अशी माझी पक्की समजूत झाली.

आता एक गुपित सांगतो. ते त्या वेळी फक्त दोघांना ठाऊक होतं, मास्तरांच्या पत्नी प्रेमलाबाईंना आणि मला. मास्तरांना ऐकू येत नव्हतं. छावणीत असताना त्यांच्या कानाजवळ बार उडाला होता. डावा कान तेव्हाच गेला आणि उजवा वर्षावर्षानं मंद होत गेला. कुणी अगदी जवळ येऊन मोठ्यानं बोललं तर थोडंफार कळायचं. पण गर्दीत चार माणसं एकदम बोलू लागली की त्यांना नुसते ओठ हलताना दिसायचे. रझाकारांना न भिणारा हा माणूस एका गोष्टीला मात्र लई भ्यायचा. पुढारी बहिरा आहे हे लोकांना कळलं तर लोक हसतील, याची त्यांना लाज वाटायची. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. कुणाला बोलायला जागाच ठेवायची नाही, आपणच बोलत राहायचं. आणि एवढं करूनही कुणी बोललंच, तर हात जोडून तोंडभर हसायचं आणि म्हणायचं, "छान, छान! आशीर्वाद असू द्या."

पाच वर्षं ही युक्ती चालली. लोक म्हणायचे, मास्तर मोठा हसतमुख माणूस. मीही तेच म्हणायचो.

मग १९५७ ची निवडणूक आली. माकणीच्या वाटेवर बोरवस्ती नावाची शंभरेक घरांची वस्ती होती. आमच्या पक्षाची ती हक्काची जागा. तिथं मास्तरांचं भाषण जोरात झालं. भाषण संपल्यावर मला त्यांनी काखेत धरलं होतं, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून रजियाबी पुढं आली. डोक्यावर पदर, हातात रिकामी घागर. तिचा नवरा बशीर वर्षापूर्वी गेला होता. ती म्हणाली, "मास्तरसाब, तुमी घागर घागर म्हणताव, म्हणून सांगायला आले. आमच्या आडाला कठडा न्हाय. कडंचा दगूड निसटला अन् माजा माणूस घागर भरतानाच आत पडला. तिसऱ्या दिशी गेला. आता माज्या पोरी त्याच आडावर जातात. आमाला दुसरं काय नको, तेवढा कठडा करून द्या."

आजूबाजूला कार्यकर्ते बोलत होते, बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. मास्तरांना एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यांनी हात जोडले, तोंडभर हसले आणि म्हणाले, "छान, छान! आशीर्वाद असू द्या."

रजियाबीचा चेहरा मी पाहिला, मित्रांनो. तिनं घागर कमरेवर घेतली आणि वळली. तिच्यामागं बाकीच्या बायकाही वळल्या. मी काखेत होतो, मला सगळं ऐकू आलं होतं. पण माझी अडचण अशी की माझ्यातून दुसऱ्याचंच बोलणं बाहेर पडतं. माझं स्वतःचं कधीच पडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या जोरदार आवाजाचा काही उपयोग दिसला नाही.

आम्ही हरलो. बोरवस्तीची घागरीची पेटी उघडली तर आत तीन मतं निघाली. त्यातलं एक धुळाप्पाच्या साडूचं होतं, हे तो शपथेवर सांगत होता.

हरल्यावर आठ दिवसांनी धाराशिवहून आण्णासाहेब आले. ते जिल्ह्याचे मोठे पुढारी, अंगात कडक इस्त्रीचा लांब कोट, हातात काठी. मुरुमच्या आमच्या ऑफिसात बैठक भरली. मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होतो. आण्णासाहेबांनी माझ्याकडं काठी दाखवली. "हे नरसाळं आता पुरे झालं. लोकांच्या डोक्यात आपलं म्हणणं शिरलं नाही, कारण आवाज कमी पडला. मी बॅटरीवरचा मोठा लाउडस्पीकर पाठवून देतो. लोकांना बजावून सांगा की तुम्ही फसलात. आणि अंबादासराव, बोरवस्ती हातची गेली, ही नामुष्की आहे. दिवाळीपर्यंत तिथं सभा भरवून दाखवा. नाही जमलं तर मुरुमचं ऑफिस बंद करू आणि पुढच्या वेळी उमेदवारही दुसरा बघू."

हे मात्र मास्तरांना नीट ऐकू आलं, कारण आण्णासाहेब ओरडूनच बोलत होते.

लाउडस्पीकर काही आला नाही. मोठ्या पुढाऱ्यांनी पाठवून देतो म्हटलेल्या वस्तू वाटेत फार मुक्काम करतात. मग मलाच खिळ्यावरून काढलं. मास्तर गावोगाव फिरले आणि 'तुम्ही फसलात' हे भाषण करू लागले. भाषण चांगलं होतं, मुद्दे बिनतोड होते, पण ऐकून लोक उठून जायचे. आपण मूर्ख आहोत हे तासभर उन्हात बसून कोण ऐकणार? ऑफिस बंद होणार, आयुष्यभराचं काम मातीत जाणार, या विचारानं मास्तरांना जेवण जाईना. प्रेमलाबाई एकदा त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ना लोकांना." मास्तरांनी नको म्हणून मान हलवली. मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला.

दसरा झाला आणि आम्ही बोरवस्तीला गेलो. सकाळची वेळ होती. धुळाप्पानं वस्तीभर हाकारा दिला, पण पारावर कुत्रंसुद्धा आलं नाही. आडाजवळच्या ओसरीवर चार बायका भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या, तेवढंच. त्यांत रजियाबी होती आणि वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, सखूबाई धनगरीण, होती. मास्तर त्यांच्यापुढं उभे राहिले आणि त्यांनी मला तोंडाला लावलं. चार बायकांसाठी हजार माणसांचा आवाज!

दोन वाक्यं झाली असतील नसतील, तोच रजियाबी उठली. "मास्तरसाब, बास करा. मागं एकदा माज्या माणसाचं सांगितलं, तर तुमी हसलाव. आता आणिक काय हसायचं ऱ्हायलंय?"

मास्तरांना ओठ हलताना दिसले. आणि मित्रांनो, सवय म्हणजे काय वाईट असते बघा! त्यांनी मला काखेत धरलं, हात जोडले आणि तोंडभर हसले. "छान, छान! आशीर्वाद असू द्या."

धुळाप्पानं कपाळाला हात लावला. रजियाबीचे डोळे पेटले. ती आता काय बोलेल या भीतीनं मी गार पडलो. इतक्यात सखूबाईनं हातातल्या शेंगा खाली टाकल्या, ती मास्तरांच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडं निरखून बघू लागली. मग ती एकदम खिदळली.

"अग रजिया, थांब. ही हसनी मला ठावी हाय. मला काय ऐकू आलं न्हाय म्हंजी मी बी असंच हसती. सुनंला वाटतं म्हातारी लई गुणाची! ह्यो मास्तर बहिरा हाय ग!"

मास्तरांना तेही ऐकू आलं नाही. ते हसतच होते. मग सखूबाईनं त्यांचा उजवा कान धरून त्यात ओरडून विचारलं, "लेकरा, तुला ऐकू येत न्हाय, व्हय?"

मास्तरांचं हसू विरलं. तोंड लालभडक झालं. ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. ज्या हसण्याला मास्तर दहा वर्षं भीत होते, ते हसणं शेवटी आलं. चार बायका हसल्या, पण आभाळ काही कोसळलं नाही. मास्तर ओसरीच्या कडेवर बसले आणि ओशाळून म्हणाले, "नाही येत, आजी. छावणीत असल्यापासून नाही येत."

"मग सांगायचं की! त्यात चोरी केली का काय?" असं म्हणत सखूबाईनं त्यांच्या काखेतून मला ओढलं. मला वाटलं, आता ही मला आडात फेकणार. पण तिनं मला उलटं केलं. माझं अरुंद तोंड तिनं आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिलं, मान डोलावली आणि मग ते मास्तरांच्या कानाला लावलं. रुंद तोंड रजियाबीकडं वळवलं. "हं, बोल आता ह्यातनं. हळू बोललीस तरी चालंल."

रजियाबी माझ्या रुंद तोंडाशी वाकली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. आड, निसटलेला दगड, घागर, बशीर, तिसरा दिवस, तिच्या पोरी. तिचं बोलणं माझ्या पोटातल्या अर्ध्या गुलाबावरून पुढं गेलं, अरुंद होत गेलं आणि मास्तरांच्या कानात नीट शिरलं. इतकी वर्षं मी बोलणं फेकत होतो. त्या सकाळी मी पहिल्यांदा ते पोचवलं.

मास्तर या वेळी हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "रजियाबी," ते म्हणाले, "मागच्या वेळी मला ऐकूच आलं नव्हतं. पण ऐकू आलं नाही हे सांगायची मला लाज वाटली, हा गुन्हा माझाच आहे. माफी कुठल्या तोंडानं मागू?"

"माफीचं मागाहून बघू," रजियाबी म्हणाली. "आधी आडाकडं चला."

मास्तर आता आमदार नव्हते. त्यांच्या हातात ना सही होती ना शिक्का. पण दगड उचलायला निवडून यावं लागत नाही. धुळाप्पानं पक्षाची दहा माणसं आणली, वस्तीतल्या लोकांनी गाड्या जुंपल्या, माकणीजवळच्या माळावरून दगड आणला. मास्तर रोज मुरुमहून यायचे आणि दगड द्यायला रांगेत उभे राहायचे. दुपारी भाकरी सोडली की मी त्यांच्या कानाला असायचो. कुणी नदीच्या वाटेवरच्या चिखलाचं सांगायचं, कुणी शाळेचं, तर कुणी मास्तरांनाच शिव्या द्यायचं. "पाच वर्षांत एकदा आलाव, ते बी वरडायला!" मास्तर म्हणायचे, "खरं आहे. पुढं सांगा." जमणार नाही ते मास्तर तोंडावर सांगायचे. जमेल ते धुळाप्पाला ध्यानात ठेवायला लावायचे. लोकांना गंमत वाटायची. माझ्यात बोलायला मिळावं म्हणून रांग लागायची, आणि तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू, त्या रांगेची मिजास मला मिरवणुकीतल्या हारापेक्षाही जास्त होती.

दिवाळीच्या आधी आण्णासाहेब सभा बघायला आले. नवा कठडा बांधून झाला होता आणि आडाभोवती सारी वस्ती जमली होती. पण भाषण चाललं नव्हतं. मास्तर कठड्यावर बसले होते, मी त्यांच्या कानाला होतो आणि एक शेतकरी माझ्यात बोलत होता. आण्णासाहेबांचा चेहरा पडला. "अंबादासराव, हे काय आरंभलंय? पुढारी बहिरा असल्याचं गावभर दाखवताय? लोक हसतील!"

मास्तरांनी मला त्यांच्याकडं वळवून ते पुन्हा बोलायला लावलं, आणि मग म्हणाले, "हसले की, आण्णासाहेब. हसून झाल्यावर बोलायला लागले."

सखूबाईला हे ऐकू आलं नव्हतं, पण हा कुणी मोठा पुढारी आहे हे तिनं कोट बघून ओळखलं. तिनं मास्तरांच्या हातातून मला घेतलं आणि अरुंद तोंड आण्णासाहेबांच्या कानाला नेऊन भिडवलं. "ह्यांस्नी बी लावा. हे तर जास्तीच बहिरे दिसत्यात!"

सारी वस्ती हसली. आण्णासाहेबांचे कान चांगले ठणठणीत होते, पण शंभर माणसांपुढं म्हातारीचा हात झिडकारता येईना. ते कठड्यावर बसले. दोन तास बसले. उठताना त्यांच्या कोटाची इस्त्री पार गेली होती आणि काठी ते आडापाशीच विसरून गेले. जाताना धुळाप्पाला एवढंच म्हणाले, "ऑफिस चालू ठेवा." त्यानंतर आमच्या पक्षाची तालुक्यात एक रीत पडली. गावात गेलं की आधी कर्णा कानाला, मग तोंडाला.

१९६२ साली मास्तर पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. मिरवणूक बोरवस्तीत पोचली तेव्हा धुळाप्पानं आभाराच्या भाषणासाठी मला मास्तरांच्या हातात दिलं. पण रजियाबी भरलेली घागर घेऊन पुढं आली. तिनं आडाचं पाणी तांब्यात ओतून मास्तरांना दिलं. मग तिनं खूण केली, मास्तरांनी मला कानाला लावलं आणि ती माझ्या रुंद तोंडाशी वाकली. एवढ्या ताशांच्या कडकडाटात ती काय बोलली ते दोघांनाच कळलं, मास्तरांना आणि मला.

ती म्हणाली, "आता हसा, मास्तरसाब."

मास्तर हसले. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना तसं हसताना पाहिलं.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. मास्तर थकले. प्रेमलाबाईंनी सोलापूरहून त्यांच्या कानासाठी छोटं यंत्र आणवलं, तेव्हा माझं काम सुटलं. पक्षात नवे उमेदवार आले आणि त्यांच्या जीपवर दोन दोन लाउडस्पीकर चढले. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मी कबूल करतो. मी मुरुमच्या ऑफिसात त्याच जुन्या खिळ्यावर आहे. दर वर्षी सणावाराला कुणीतरी माझं रुंद तोंड फडक्यानं पुसतं, कारण ते दारातून दिसतं. अरुंद तोंडाकडं कुणी बघत नाही. त्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलंय.

परवाच्या निवडणुकीत पक्ष पुन्हा हरला. काल बैठक झाली. आवाज कमी पडला, असं एक जण म्हणाला. खिळ्यावर मला हसू फुटलं, पण त्यांना कसं ऐकू जाणार?

म्हणून तुम्हाला सांगतो. हे काम मोठी माणसं लवकर करणार नाहीत, तुम्ही करा. ऑफिसाचं दार उघडंच असतं. मला खाली काढा, एक काडी घ्या आणि अरुंद तोंडातलं ते मातीचं घर अलगद मोकळं करा. मी गंजलो असेन, पण फुटलेलो नाही. आणि मग मला त्या नव्या पुढाऱ्यांच्या हातात देऊन बोरवस्तीला घेऊन चला. रजियाबी अजून आहे, आणि गेली दोन वर्षं ती ऑफिसाच्या दारापर्यंत येऊन परत जाते, तिला काहीतरी सांगायचं आहे.